सात पाल्यांची गोळी आणि राखेतले ठसे

पाटोद्याच्या बाजारात कुणी "आमचं कुत्रं लंगडतंय" एवढं म्हणायचा अवकाश, चार तोंडं एकदम उघडायची आणि चारीतून एकच पत्ता निघायचा : वच्छलाबाईची वस्ती. डांबर संपलं की पाऊण तास चालायचं, डोंगराच्या कडेला. तिथं दीडशे मेंढरं, तीन कुत्री, एक घोडी, एक नवरा आणि सात पाल्यांची गोळी. हा क्रम वच्छलाबाईचाच बरं का. गहिनीनाथाला घोडीच्या मागचा नंबर मिळाल्याचं कधी वाईट वाटलं न्हाई. घोडी खरंच गुणाची होती.

गोळी माहेरची. लग्नात बापानं भांडी दिली मोजकीच, पण ही विद्या दिली. सात झाडांचा पाला कुठला, ते वच्छलाबाईला ठाऊक आणि तिच्या वर गेलेल्या बापाला. पाला तोडायला जायचं तर डोक्यावर पदर घेऊन, आणि वाटेत कुणी हाक मारली तर ओ द्यायची न्हाई. एकदा गहिनीनाथ मागून ओरडत गेलता, "अगं, दूध उतू चाललंय!" बाईनं मान वळवली न्हाई. दूध गेलं, गोळी राहिली.

पाला वाटायचा, गुळात मळायचा, बोराएवढ्या बारा गोळ्या करायच्या आणि रोज एक भाकरीत घालून कुत्र्याला चारायची. बदल्यात वच्छलाबाई काही घ्यायची न्हाई, चहा पाजूनच पाठवायची. माणूस उठला की मागून घाईघाईनं पथ्य सांगायची, "बारा दिस दावणीला बांधा, सावलीत. मेंढरामागं सोडू नका." तोवर माणूस चप्पल शोधत असायचा. त्यानं अर्धं ऐकलं तरी लई झालं.

आणि गुण यायचा! माणसं परत येऊन सांगायची. कुणी नारळ आणायचा, कुणी नुसतंच कुत्रं आणून दाखवायचा. अशा वेळी वच्छलाबाई चेहरा असा साधा ठेवायची, की तो साधा ठेवायला किती जोर लागतोय ते लांबून दिसायचं.

पण यंदा घरातलंच कुत्रं गोळीला दाद देईना. सरदार त्याचं नाव. रंगानं काळा, छाती पांढरी, वय दहाच्या पुढं. तरणा होता तेव्हा एकट्यानं दोन लांडग्यांना माळावरून पळवून लावलं होतं. गहिनीनाथ सांगायचा तेव्हा ते लांडगे पाच व्हायचे. आता सरदाराचा मागचा उजवा पाय सांध्यात धरला होता. सकाळी उठताना तो आधी तोंड वेडंवाकडं करायचा, मग पुढचे पाय, मग बऱ्याच विचारानं मागचे.

काळजी पायाची होतीच, पण त्याहून मोठी दिवाळीची होती. दिवाळी झाली की कळप चाऱ्यासाठी खाली गोदावरीकडं निघतो, तो सहा महिने. रोजची पाच-सहा कोसांची चाल. सरदाराला चालता आलं न्हाई तर मागं ठेवावं लागणार. आणि मागं ठेवलं की काय होतं ते वच्छलाबाईला एकदा कळलं होतं. दोन वर्षांमागं पाहुण्याकडं ठेवून गेले, तर तीन दिवस पाण्याला तोंड लावलं न्हाई बाबानं, वाटेकडं बघत बसला. शेवटी पाहुणाच त्याला मोटारसायकलवर मांडीत घेऊन कळपापाशी आलता.

म्हणून तिनं दोनदा बारा-बारा गोळ्या चारल्या. पाय जरा सुधारायचा, पुन्हा धरायचा.

अशात पोरगा हरिओम पिकअप घेऊन आला आणि एक डबा समोर ठेवला. सांध्याची पावडर. डब्यावरचं कुत्रं असं चकचकीत, की त्याला मेंढरांत सोडलं असतं तर वास येतो म्हणून त्यानं तोंड फिरवलं असतं.

"माय, तुझी गोळी जुनी झाली. ही बग. लोकांनी लिहिलंय, आमचं कुत्रं उड्या मारतंय म्हणून."

"कुठल्या लोकांनी?"

"फोनवर हायेत."

"फोनवरची खरी, आन माझ्या दारात सोता येऊन सांगतेत ती कावून खोटी?"

"खोटी न्हाई गं. पण शास्त्र असतंय ना काई."

"मग डब्यातलं शास्त्र तूच खा. सकाळी तुला बी उठता येत न्हाई."

सून उज्ज्वला चुलीपाशी खाली मान घालून हसली. ती नवऱ्याच्या बाजूनं हसली की सासूच्या, हे दोघांनाही कळलं न्हाई, आणि उज्ज्वलाला ते तसंच हवं होतं.

त्याच आठवड्यात दवाखान्याच्या डॉक्टर धनश्री मेंढरांना लस टोचायला वस्तीवर आल्या. तिशीच्या आतली पोरगी, पण मेंढराचा पाय असा धरायची की मेंढरू मुकाट्यानं उभं. लस झाली आणि गहिनीनाथानं हळूच विचारलं, "डाक्टरबाई, माझ्या गुडघ्याची गोळी अर्धी सरदाराला दिली तर?"

"अजिबात नाही, बाबा! माणसाच्या दुखण्याच्या गोळीनं कुत्र्याच्या पोटात रक्तस्राव होतो, जीव जातो. दिली का?"

"न्हाई, न्हाई," म्हणत गहिनीनाथानं खिशातला हात खिशातच ठेवला.

मग मायलेकरांची तकरार डॉक्टरांपुढं आली. गोळी की पावडर? डॉक्टरांनी चहाचा कप खाली ठेवला.

"मावशी, तुमच्या गोळीनं किती कुत्री बरी झाली?"

"शंभरावर," वच्छलाबाई म्हणाली, आणि चेहरा साधा ठेवला.

"आणि ज्या लंगड्या कुत्र्यांना गोळी दिलीच नाही, त्यातली किती बरी झाली?"

"ती माझ्याकडं कशाला येतील?"

"तेच म्हणते मी. ती किती ते माहीत नाही, तर गोळीनं किती बरी झाली ते कसं कळायचं? आणि गुण आला नाही तो माणूस परत येऊन सांगतो का?"

हरिओम खुशीत आला. डॉक्टर त्याच्याकडं वळल्या. "तुझ्या डब्याचंही तेच, दादा. ज्याचं कुत्रं तसंच राहिलं तो फोनवर लिहायला बसतो का? त्यात माणूस औषधाला धावतो कधी? दुखणं फार चढल्यावर. चढलेलं दुखणं चार दिवसांनी थोडं उतरतंच. मधे जे दिलं त्याला श्रेय मिळतं."

वच्छलाबाईनं डॉक्टरांना दुसरा चहा विचारला न्हाई. तिच्या घरात ही लई मोठी शिक्षा होती.

पण बाईची गंमत अशी, की राग आला तरी प्रश्न टाकून देता येत न्हाई तिला. भाकरी थापताना तोच, लोकर कातरताना तोच. पाचव्या दिवशी गहिनीनाथ जेवताना म्हणाला, "मीठ जास्ती झालंय," तर ही म्हणाली, "ज्यांना दिलंच न्हाई त्यांचं काय झालं आसंल वो?" त्यानं घाबरून ताट तपासलं.

नवव्या दिवशी ती पायी डांबरापर्यंत गेली, जीप धरली आणि दवाखान्यात जाऊन उभी राहिली. "सांगा, कसं बगायचं ते."

पहिला डाव फसला, तो गहिनीनाथामुळं. शेजारच्या वस्त्यांवरची चार लंगडी कुत्री घेतली. दोघांना गोळी, दोघांना नुसता गूळ, आणि चाल बघायचं काम गहिनीनाथाचं. चौथ्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, गोळीवालं कसं चालतंय?

"झकास! हरणागत!"

हरीण तेव्हा मागं बसून पाय चाटत होतं. वर उज्ज्वलानं सांगून टाकलं, की मामंजी गोळीवाल्या कुत्र्यांना वाटीभर दूध जास्ती घालतेत.

"बाबा," डॉक्टर म्हणाल्या, "तुम्ही कुत्र्याकडं बघून नाही, मावशींच्या तोंडाकडं बघून सांगताय."

"चाळीस वर्सं तिकडंच बगतोय," गहिनीनाथ म्हणाला. "सवय लागली."

मग दुसरा डाव, नीट. बाजारात निरोप फिरवला आणि सरदार धरून अठरा लंगडी कुत्री ठरली. उज्ज्वलानं तीन तऱ्हेच्या गोळ्या करायच्या : एकीत सासूनं वाटून दिलेला सात पाल्यांचा गोळा, एकीत हरिओमची पावडर, एकीत औषध काहीच न्हाई. तिन्हींत गूळ आणि मेथीचा पाला घालून रंग-वास सारखाच करायचा. डब्यांना लाल, पिवळा, पांढरा दोरा. कुठल्या दोऱ्यात काय, ते फक्त उज्ज्वलाला ठाऊक, आणि डॉक्टरांच्या कपाटातल्या बंद पाकिटाला. कुत्र्यांच्या मालकांनी चिठ्ठी उचलायची, निघेल तो डबा घरी न्यायचा. आणि नेहमीचं पथ्य सगळ्यांना सारखंच.

"पण चाल मोजायची कशी?" डॉक्टर म्हणाल्या. "डोळ्यांचा भरवसा नको."

यावर वच्छलाबाईनं जे काढलं ते डॉक्टरांच्या पुस्तकात नव्हतं. तिनं चुलीची राख चाळली आणि वाटेवर तीस-पस्तीस हात पसरली, घावनाएवढी पातळ. पलीकडं भाकरी धरायची, कुत्र्याला राखेवरून बोलवायचं. दुखरा पाय कुत्रं नुसता टेकवतं, दाबत न्हाई. मग त्याचा ठसा अर्धा उमटतो, नुसत्या नखांचा. दुखऱ्या पायाच्या वीस पावलांत पुरा ठसा किती वेळा उमटला, तेवढं मोजायचं. हरवलेलं मेंढरू मातीतल्या मागावरून शोधणाऱ्या माणसांना हे अवघड न्हाई. मोजणार गहिनीनाथच, पण त्यानं झाडाकडं तोंड करून उभं राहायचं आणि कुत्रं गेल्यावरच वळायचं.

"राखेचं तोंड तर ओळखीचं न्हाई ना तुमच्या?" वच्छलाबाईनं नवऱ्याला विचारलं.

डॉक्टर त्या राखेपाशी उकिडव्या बसून बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांनीच चहा मागितला, आणि या खेपेला दोनदा मिळाला.

पहिल्या दिवशी अठरा कुत्री आली. भांडणं झाली, एका पाहुण्याचं धोतर फाटलं, पण मोजणी झाली. सरदाराचे विसांत सहा. त्याची चिठ्ठी निघाली पिवळी.

आता वच्छलाबाईची खरी परीक्षा सुरू झाली. पिवळ्यात काय आहे? दिवाळीला वीस-बावीस दिवस उरलेले, आणि आपण आपल्याच कुत्र्याला कदाचित नुसती मेथी चारतोय!

"उज्ज्वला, आगं तुझे हात किती वाळलेत. तेल लावून देऊ का?"

"नको आत्या."

"ती नवी साडी तुलाच घे हां. मला रंग बरा दिसत न्हाई." साडीची घडी पुढं सरकवत, "पिवळ्यात मेथीच आसंल न्हाई का? वास तसा येतोय."

"तिन्हीत मेथी हाय, आत्या."

"आमी सासूला आसं कोडं घालत नव्हतो."

"तुमच्या सासूबाईंनी आसं काम बी दिलं नसंल."

सहाव्या दिवशी दुपारी सगळी रानात होती. वच्छलाबाईनं उतरंडीतून आपल्या जुन्या गोळ्यांपैकी एक काढली आणि भाकरीत घातली. सरदार शेपूट हलवत बसला. तिनं तुकडा त्याच्या तोंडापर्यंत नेला आणि तसाच धरून ठेवला. आपण ही दिली, आणि पाय सुधारला, तर जन्मभर म्हणणार की गोळीनं सुधारला. आणि पिवळ्यात आधीच गोळी असंल तर? सतरा माणसं लांबून कुत्री घेऊन आली ती आपल्या शब्दावर. त्यात आपणच बेइमानी करायची?

सरदाराच्या लाळेची तार लोंबायला लागली. तिनं गोळी काढून घेतली, भाकरी त्याला दिली आणि गोळी चुलीत टाकली. दारात उज्ज्वला कळशी घेऊन उभी होती. त्या दिवशी तिनं सासूच्या ताटात तूप जरा जास्ती वाढलं, एवढंच.

बाराव्या दिवसानंतर पुन्हा राख पसरली. सकाळपासून मोजणी चालली. गहिनीनाथ झाडाकडं तोंड करून इतका इमानानं उभा राहिला, की त्याच्या पाठीला ऊन लागलं. पाच ठसे वाढले तर सुधारलं, असं आधीच ठरवलेलं. अठरातली अकरा सुधारली. वच्छलाबाई बसल्या जागची उठून उभी राहिली. सरदाराचे मात्र सहाचे सातच.

डॉक्टरांनी पाकीट फोडलं आणि मोठ्यानं वाचलं. लाल दोरा पावडरीचा : सहातली चार सुधारली. पांढरा नुसत्या गूळ-मेथीचा : सहातली चार. पिवळा सात पाल्यांचा : सहातली तीन.

हरिओमनं आधी तोंड उघडलं, "म्हंजे माय, माझी पावडर..."

"मेथीइतकीच," वच्छलाबाई म्हणाली. "आन माझी गोळी मेथीच्या बी खाली."

"एका कुत्र्याच्या फरकाला अर्थ नाही, मावशी," डॉक्टर म्हणाल्या. "अठरा म्हणजे तशी थोडीच. पण गोळीचा मोठा गुण असता, तर दिसला असता."

गहिनीनाथ बायकोपाशी येऊन उभा राहिला. तिच्या खांद्याकडं नेलेला हात त्यानं सरदाराच्याच डोक्यावरून फिरवला. सरदारानं पिवळा डबा पुरा खाल्ला होता. बापाची गोळी, तिच्या हातची, तिच्याच कुत्र्याला, आणि ठसे सहाचे सात.

दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, उज्ज्वलानं गल्लत केली, राख ओली होती, पाला चुकीच्या तिथीला तोडला. वच्छलाबाई उठली, ती कुत्र्यांकडं गेली. एकेकाच्या मानेचे केस बोटांनी मागं सारून बघायला लागली. तिसऱ्या कुत्र्यापाशी थांबली. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

"काय शोधताय?" डॉक्टरांनी विचारलं.

"दाव्याचा घट्टा. बारा दिस बांधलं आसंल तर केस मोडतेत." मग मालकांकडं वळून, "खरं बोला. मी रागवायची न्हाई. बांधलं व्हतं का?"

माणसं चुळबुळली. बबनराव म्हणून एक जण होते, मिशीला पीळ देणारे. त्यांनी मिशी सोडली. "दोन दिस बांधलं वच्छलाबाई. मग वरडायला लागलं. सोडलं."

मोजणी पुन्हा झाली, या खेपेला मानांची. बारांच्या मानेवर घट्टा होता, त्यातली दहा सुधारलेली. सहांच्या मानेवर न्हाई, त्यातलं एकच सुधारलेलं. दोरा लाल, पिवळा की पांढरा, काही फरक न्हाई. सरदाराच्या मानेवर घट्टा नव्हताच. तो रोज दुपार कलली की वच्छलाबाईचा डोळा चुकवून, दावं चावून कळपामागं जायचा, आणि गहिनीनाथ संध्याकाळी गुपचूप नवं दावं बांधायचा.

वच्छलाबाई राखेच्या कडेला बसली. "बापानं दोन गोष्टी दिलत्या," ती म्हणाली. "एक पदराखाली लपवून ठेवली. दुसरी मी लोकांना चप्पल घालताना सांगायची."

डॉक्टर तिच्याशेजारी बसल्या. "मावशी, आमच्याकडंही दुखऱ्या सांध्याला आधी विश्रांतीच सांगतात. मग वजन कमी, हळूहळू चाल, आणि कुत्र्याचीच म्हणून असलेली दुखण्याची औषधं, तपासून. तुमचे वडील चुकीचे नव्हते. त्यांच्या गोळीला मात्र फुकटचं नाव मिळालं."

"आन ते मी वाढवलं," वच्छलाबाई म्हणाली. मग उठून सगळ्यांपुढं जाहीर केलं, "आजपून गोळी बंद. लंगडं कुत्रं आणा, बांधायचं कसं ते दावते. चहा मिळंल." आणि हरिओमकडं बघून, "तुझा डबा मीठ ठेवायला बरा हाय."

राहिला सरदार. दिवाळी झाली, घोडीवर बिऱ्हाड चढलं, वरच्या टोपल्यात नवी कोकरं बसली, उज्ज्वला आणि गहिनीनाथ कळप घेऊन निघाले. वच्छलाबाई निघाली न्हाई. "बारा दिस," ती नवऱ्याला म्हणाली. "मग हरिओम आमाला गाडीतनं सोडंल."

"तू चाळीस वर्सांत कधी मागं राहिली न्हाईस," गहिनीनाथ म्हणाला. "चुलीचं कोण बगंल?"

"उज्ज्वला बगंल. तुमी मिठाला नाव ठेवू नका."

कळप टेकाडापलीकडं गेला तसा सरदारानं आकाश डोक्यावर घेतलं. दाव्याला दात लावला. वच्छलाबाईनं त्याच्या शेजारी पोतं टाकलं आणि दावं आपल्या पायाला गुंडाळून बसली. त्यानं चावायला तोंड घातलं की ही नाकावर टिचकी मारायची. पाण्याची पितळी तिनं पुढं सरकवली. त्यानं तोंड फिरवलं. तिनं ओंजळीत पाणी घेतलं आणि त्याच्या वाटेकडं बघणाऱ्या तोंडाच्या आड धरलं. बऱ्याच वेळानं, कंटाळून म्हणा की लाजून म्हणा, तो प्याला.

बारा दिवस ती तशीच बसून होती. लोकर कातली, आल्यागेल्याला बसल्या जागेवरून हुकूम सोडले. डॉक्टरांनी सरदाराला तपासून त्याच्या वजनाच्या मापानं औषध दिलं, भाकरी निम्मी करायला सांगितली. वच्छलाबाईनं ती निम्मी केली आणि उरलेली निम्मी त्याच्या नजरेआड जाऊन खाल्ली.

तेराव्या दिवशी राख पसरली. मोजायला दुसरं कुणी न्हाई, म्हणून डॉक्टरांनाच झाडाकडं तोंड करून उभं केलं. विसांत तेरा.

"आला की गुण!" डॉक्टर हसून म्हणाल्या.

"कशानं पण?" वच्छलाबाईनं राखेवरून नजर काढली न्हाई. "तुमचं औषध, माझं दावं आन कमी भाकर, तिन्ही एकदम दिलं. त्यातलं कशानं, ते आता सांगता यायचं न्हाई." मग, "ज्यांना एकच एक दिलं त्यांचं बगावं लागंल."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला.

तेवढ्यात युसूफ वडगाव नावाच्या लांबच्या गावाहून एक जण कुत्रं काखेत मारून चालत आला. घाम पुसत म्हणाला, "सात पाल्यांची गोळी इथंच मिळते ना?"

"गोळी संपली," वच्छलाबाई म्हणाली. "बस. आधी पथ्य ऐक. चप्पल काढून ऐक."

त्यानं चप्पल काढली. खाली हरिओमनं पिकअपचा हॉर्न दिला, तसा सरदार चारी पायांवर उठून उभा राहिला आणि वाटेकडं बघायला लागला. वच्छलाबाईनं पाहुण्याला बारा दिवसांचं बांधणं सगळं सावकाश सांगितलं, दाव्याची गाठ दोनदा मारून दाखवली, आणि मगच सरदाराचं दावं सोडलं.